प्रवास, यात्रा, मोहीम, शोध : नाम निवडण्याआधी क्रियापद पाहा

प्रश्न असा आहे : प्रवास, यात्रा, सफर, सहल, मोहीम हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि 'शोध' हा एकच शब्द हरवलेली वस्तू धुंडाळण्यापासून नवे यंत्र बनवण्यापर्यंत सगळीकडे कसा पुरतो? बातमी, पाठ्यपुस्तक, माहितीफलक किंवा अनुवाद लिहिताना हा पेच हमखास पडतो. कोश उघडला तर प्रवास म्हणजे यात्रा, यात्रा म्हणजे प्रवास, सफर म्हणजे दोन्ही, असे गोल फिरायला लागते.

थोडक्यात उत्तर : चालत नाहीत. पण फरक नामात शोधत बसू नका. ते नाम कोणते क्रियापद आणि कोणता प्रत्यय मागते ते पाहा, अर्थ तिथे उघड होतो.

'यात्रा' घ्या. 'त्यांनी यात्रा केली' म्हटले की तीर्थाला जाऊन आले. 'गावात यात्रा भरली' म्हटले की देवाचा उत्सव, दुकाने, पाळणे, कुस्त्या. इथे कोणी कुठे जात नाही, लोक गावात येतात. 'यात्रा निघाली' म्हणजे रस्त्यावरून चाललेला जनसमुदाय : शोभायात्रा, रथयात्रा, पदयात्रा. नाम तेच, क्रियापद तीन, अर्थ तीन. 'भरणे' या अर्थाने 'जत्रा'ही येते. ती 'यात्रा'चेच प्राकृतातून घरंगळत आलेले रूप. म्हणून जत्रा फक्त भरते, तिला माणूस जातो, पण 'मी काशीची जत्रा केली' असे कोणी म्हणत नाही.

'संपणे' आणि 'संपवणे' ही क्रियापदे 'यात्रे'जवळ फार जपून वापरा. 'जीवनयात्रा संपली' म्हणजे मृत्यू, 'जीवनयात्रा संपवली' म्हणजे आत्महत्या. वर्तमानपत्रांनी हा अर्थ इतका पक्का केला आहे की गौरवग्रंथात किंवा सत्काराच्या भाषणात 'सरांची जीवनयात्रा' असे शीर्षक दिले तर वाचणारा क्षणभर दचकतो. तिथे 'वाटचाल' हवी. माणसाची, संस्थेची, चळवळीची टप्प्याटप्प्याने झालेली प्रगती सांगायला हा शब्द नेमका आहे, आणि त्यात वाटही आहे, चालही आहे. 'संस्थेची पन्नास वर्षांची वाटचाल' जितके सहज वाटते तितके 'संस्थेची पन्नास वर्षांची यात्रा' वाटत नाही.

राजकीय आणि सामाजिक 'यात्रा' मात्र मराठीत पूर्ण रुळली आहे. १९३०ची दांडी यात्रा १२ मार्चला साबरमती आश्रमातून निघाली आणि ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. तिला 'दांडीचा प्रवास' म्हटले तर घटनेचा कणाच मोडतो. उघडपणे, लोकांना दिसेल असे, एका संकल्पाने जाणे हा 'यात्रे'चा गाभा आहे. तीर्थयात्रेत संकल्प देवाचा असतो, इथे सत्याग्रहाचा.

आता 'प्रवास'. हा सर्वांत मोकळा शब्द : कारण काहीही असो, वाहन कोणतेही असो, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे. प्रवास करता येतो, होतो, घडतो, आणि सोसवत नाही. संस्कृतात मात्र 'प्र' आणि 'वस्' मिळून त्याचा अर्थ घर सोडून दूर राहणे असा आहे. मराठीने राहणे सोडून जाणे घेतले, हिंदीने राहणे धरून ठेवले. म्हणून हिंदीतून मराठीत आणताना इथेच सर्वाधिक चुका होतात. हिंदीतला 'प्रवासी भारतीय' म्हणजे परदेशी स्थायिक झालेला माणूस, मराठीत तो 'अनिवासी भारतीय'. 'प्रवासी मजदूर' मराठीत 'स्थलांतरित मजूर', 'प्रवासी पक्षी' मराठीत 'स्थलांतरित पक्षी'. उलट बाजूने, हिंदीतले रेल्वेचे 'यात्री' मराठीत 'प्रवासी' होतात आणि 'यात्रा भत्ता' हा 'प्रवासभत्ता' होतो. मराठी कार्यालयीन पत्रात 'यात्रा भत्ता' लिहिले की कर्मचारी सरकारी खर्चाने देवदर्शनाला गेल्यासारखे वाटते.

जाता जाता रूपाचेही पाहू. 'प्रवासींना' हे चुकीचे आहे. पुल्लिंगी 'प्रवासी' सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वीच्या रूपात, 'प्रवाशा-' होतो : प्रवाशाला, प्रवाशांना, प्रवाशांसाठी.

'प्रवास' लाक्षणिक अर्थानेही हल्ली फार धावतो : वजन कमी करण्याचा प्रवास, आईपणाचा प्रवास, व्यवसायाचा प्रवास. हा वापर सरसकट चुकीचा नाही, पण मराठीत तो दोन टोके मागतो. 'बियापासून झाडापर्यंतचा प्रवास', 'कारकुनापासून संचालकापर्यंतचा प्रवास' ही रचना पक्की बसते, कारण 'पासून' आणि 'पर्यंत' आहेत. टोके नसतील तर 'अनुभव', 'वाटचाल', 'काळ', कधी नुसते 'दिवस' पुरतात. 'माझा आजारपणाचा प्रवास' यापेक्षा 'आजारपणाचे दिवस' अधिक खरे वाटते.

'सफर' अरबीतून आली. तिकडे तिचा अर्थ साधा प्रवास. तोच शब्द आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला आणि जंगल पाहण्याच्या अर्थाने जगभर फिरून मराठीत परतला. त्याच धातूपासून 'मुसाफिर' आणि आपली 'मुशाफिरी'. मराठी 'सफर' स्त्रीलिंगी आहे, हिंदी 'सफर' पुल्लिंगी. 'आमचा सफर छान झाला' हे वाक्य हिंदीचे भाषांतर आहे. मराठीत 'सफर छान झाली'. सफरीत आनंद, कुतूहल, थोडे अद्भुत असते, म्हणून तिला 'घडवणे' हे क्रियापद शोभते : 'लेखक आपल्याला समुद्रतळाची सफर घडवतो'. रोजच्या लोकल गाडीला सफर म्हणू नये. समुद्रावरच्या लांबच्या जाण्यालाही सफर म्हणण्याची पद्धत आहे, आणि त्या अर्थाने तो उत्तम शब्द आहे : कुकच्या सफरी, दर्यावर्दींच्या सफरी.

सहल छोटी, हलकी, आणि परत येणारी. ती 'काढतात', तिला 'जातात'. शाळेची सहल, वर्षासहल. सहलीत जबाबदारी कमी आणि डबा जास्त. पर्यटन हे सहलीचे व्यवसायाच्या नजरेतून दिलेले नाव : पर्यटन विभाग, कृषी पर्यटन, पर्यटनस्थळ. माणूस स्वतःबद्दल बोलताना 'मी पर्यटन केले' असे क्वचितच म्हणतो. तो 'फिरून आलो' म्हणतो, आणि तेच लिहावे. भटकंतीत ठरलेले ठिकाण नसले तरी चालते. 'भटकणे' या क्रियापदाला उनाडपणाची छटा आहे, 'भटकंती'ने ती जवळजवळ झटकली आहे. डोंगरवाटा आणि गडकोट पायाखाली घालणाऱ्यांनी या शब्दाला मान मिळवून दिला. 'भ्रमंती' तिची थोडी नटलेली बहीण. 'भ्रमण' मात्र एकटे क्वचित येते, जोडून जास्त : दुर्गभ्रमण, देशभ्रमण, भ्रमणध्वनी.

दौरा हा कामाचा, आखलेला, अनेक ठिकाणांना भेट देणारा. मंत्र्यांचा दौरा, पाहणी दौरा, क्रिकेट संघाचा दौरा. तो आखतात, काढतात, रद्द करतात, त्यावर जातात. हिंदीतला 'दिल का दौरा' मराठीत 'हृदयविकाराचा झटका' होतो. यंत्रानुवादात 'हृदयाचा दौरा' अजून दिसतो.

वारीत मुख्य गोष्ट पुन्हा पुन्हा जाणे ही आहे. पंढरपूरला एकदा गेलेला माणूस यात्रेकरू. नेमाने जाणारा वारकरी. म्हणून 'वारी चुकली' असे म्हणता येते, 'यात्रा चुकली' असे म्हणत नाहीत, कारण नेम असलेली गोष्टच चुकते. आषाढी आणि कार्तिकी या मुख्य वाऱ्या, त्यांच्याबरोबर माघी आणि चैत्री. 'दिंडी' म्हणजे वारीत एकत्र चालणारा गट, तिला वारीचा समानार्थी शब्द समजू नये. पालखीचे 'प्रस्थान' होते, 'प्रारंभ' किंवा 'उद्घाटन' नाही. याच शब्दाची एक जुनी रीत होती, 'प्रस्थान ठेवणे' : मुहूर्त साधायचा, पण निघणे जमत नाही, तेव्हा सामानातली एखादी वस्तू मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास सुरू झाला असे धरायचे. जुने मजकूर वाचताना हे माहीत नसेल तर वाक्य लागत नाही. उपरोधाने किंवा कौतुकाने 'अमेरिकेच्या वाऱ्या', 'मंत्रालयाच्या वाऱ्या' असेही म्हणतात, आणि तिथेही अर्थ वारंवारतेचाच.

परिक्रमा आणि प्रदक्षिणा एखाद्या गोष्टीभोवती असतात. मध्य नसेल तर हे शब्द वापरता येत नाहीत. प्रदक्षिणेत पूज्य वस्तू उजव्या हाताला ठेवायची हे शब्दातच आहे. नर्मदा परिक्रमेतही नदी उजवीकडे ठेवतात आणि ती ओलांडत नाहीत. समुद्रावर हाच अर्थ पृथ्वीला लागू झाला. भारतीय नौदलातले दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ती न थांबता केली. नौदलाने या मोहिमांना 'सागर परिक्रमा' हे नाव दिले. इथे एक प्रसिद्ध चूक सुधारायला हवी. 'मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली' हे खरे नाही. त्याची मोहीम १५१९ मध्ये निघाली, तो स्वतः १५२१ मध्ये फिलिपिन्समध्ये मारला गेला, आणि १५२२ मध्ये त्याचा सहकारी एल्कानो याच्या नेतृत्वाखाली 'व्हिक्टोरिया' हे जहाज परतले. प्रदक्षिणा मोहिमेची पूर्ण झाली, मॅगेलनची नाही. भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्याला 'परिभ्रमण' आणि स्वतःभोवती फिरण्याला 'परिवलन' म्हणतात. तिथे परिक्रमा घुसवू नये.

मोहीम हा या सगळ्यांतला सर्वांत भारदस्त शब्द. अरबीत 'मुहिम्म' म्हणजे महत्त्वाचे काम. फारसीतून तो मराठी राज्यकारभारात आला आणि सैन्याच्या कामगिरीला चिकटला. मोहीम आखतात, काढतात, उघडतात, हाती घेतात, राबवतात, ती फत्ते होते किंवा फसते, तिच्यावर निघतात. म्हणजे तिला उद्दिष्ट हवे, माणसे हवीत, सामान हवे, नेता हवा. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट होते; २९ मे रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोहोचले. इथे मोहीम संपूर्ण : माणसे, तळ, छावण्या, रसद. 'चढाई' तिचा एक भाग. शिखर 'सर' करतात. 'एव्हरेस्टची सहल' आणि 'रविवारची किल्ला मोहीम' ही दोन्ही टोके टाळावीत. दुसऱ्या प्रकारात पाचजण डबा घेऊन गेलेले असतात, ती भटकंती आहे.

'स्वारी' आणि 'मोहीम' इतिहासलेखनात सतत गोंधळतात. स्वारी एका ठिकाणावर होते आणि 'वर' मागते : १६६४ची सुरतेवरची स्वारी. मोहीम अनेक स्वाऱ्या, वेढे, तह पोटात घेते : शिवाजी महाराजांची १६७७-७८ची कर्नाटक मोहीम. 'अभियान' हा शब्द हिंदीत गिर्यारोहणापासून अवकाशापर्यंत सगळीकडे चालतो. मराठीत तो सरकारी लोकसहभागाच्या उपक्रमांसाठी स्थिरावला आहे, जसे स्वच्छता अभियान. म्हणून हिंदीतले 'पर्वतारोहण अभियान' मराठीत 'गिर्यारोहण मोहीम' करावे.

वाटेवरचे दोन शब्दही या घराण्यातले आहेत. 'मजल' म्हणजे एका दमात किंवा एका दिवसात कापायचे अंतर. 'मुक्काम' म्हणजे त्यानंतरचे थांबणे. अरबी 'मंझिल' म्हणजे वाहनावरून उतरण्याची जागा. हिंदीत तिचे 'ध्येय' झाले, मराठीत अंतर राहिले, म्हणून 'मजल दरमजल करत' म्हणजे टप्प्याटप्प्याने. 'आपली मजल गाठली' हे 'ध्येय गाठले' या अर्थाने लिहिणे हिंदी वळणाचे आहे. आणि 'त्याची मजल इथवर गेली' यात कौतुक नाही, आगळिकीची तक्रार आहे. सत्काराच्या मजकुरात ते चुकूनही येऊ देऊ नये.

रोजच्या जाण्यायेण्यासाठी मराठीकडे अस्सल घरचे शब्द आहेत आणि ते लेखनातून नाहक गळत चालले आहेत. काम न होता परत यावे लागले तर 'हेलपाटा' पडतो. एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा जावे लागले तर 'खेटे' घालतो. काही वाहून नेले तर 'खेप', म्हणून पाण्याच्या खेपा. ठरलेल्या मार्गावर वेळापत्रकाने जाते ती 'फेरी'. सहज डोकावून येणे म्हणजे 'चक्कर' मारणे (आणि चक्कर 'येणे' म्हणजे भोवळ, क्रियापदाचाच खेळ). अस्वस्थपणे एकाच जागी पुढेमागे चालणे 'येरझारा' घालणे. कशाच्या तरी गरजेपोटी दारोदार फिरणे 'वणवण'. या प्रत्येकात किती वेळा गेलो, काय घेऊन गेलो, काम झाले की नाही हे सांगून होते. 'तीन वेळा जाऊनही काम झाले नाही' यापेक्षा 'तीन हेलपाटे पडले' हे नेमके आहे.

आता शोध. त्याची सगळी भिस्त क्रियापदावर आहे.

'शोध घेणे' म्हणजे धुंडाळणे. सापडेलच असे नाही. 'शोध लागणे' म्हणजे सापडणे. 'शोध लावणे' म्हणजे आधी माहीत नसलेले उजेडात आणणे किंवा नवे निर्माण करणे. निसर्गनियम आणि यंत्र दोन्हींना तेच क्रियापद चालते, आणि इथे मराठीत फट आहे हे मान्य करावे लागते. फरक दाखवणे गरजेचे असेल तर यंत्रासाठी 'बनवले', 'तयार केले' म्हणावे आणि अस्तित्वात असलेल्या गोष्टीसाठी 'शोधून काढले'. 'च्या शोधात असणे' ही अजून चालू असलेली अवस्था. हिंदीतला 'आविष्कार' म्हणजे नवे यंत्र वा युक्ती. मराठीत आविष्कार म्हणजे प्रकटीकरण, जसे कलाविष्कार. 'चाकाचा आविष्कार' हे मराठीत चाक व्यासपीठावर आल्यासारखे वाटते.

'शोध लावला' हे भूगोलात विशेष सांभाळून लिहावे. जिथे माणसे हजारो वर्षे राहत होती त्या भूमीचा शोध कोणी 'लावत' नाही. कोलंबस १४९२ मध्ये बहामा बेटांपैकी एका बेटावर पोहोचला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतजवळ उतरला; त्याने युरोपातून भारताकडे येणारा सागरी मार्ग खुला केला, 'भारताचा शोध' लावला नाही. 'पोहोचला', 'मार्ग शोधून काढला', 'युरोपला माहिती करून दिली' ही वाक्ये थोडी लांब होतात, पण खरी असतात.

'शोधमोहीम' या शब्दात सर्वांत मोठा सापळा आहे. मराठी वाचकासाठी शोधमोहीम म्हणजे हरवलेल्यांना शोधायला निघालेले पथक. ब्रिटिश नौदल अधिकारी स्कॉटची १९१०ची अंटार्क्टिका मोहीम ही शोधमोहीम नव्हती. स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला, नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ लाच पोहोचला होता, आणि परतताना स्कॉटची तुकडी मृत्यू पावली. नोव्हेंबर १९१२ मध्ये त्यांचा तंबू ज्यांना सापडला, त्यांची ती शोधमोहीम. अज्ञात प्रदेशाचा अभ्यास करण्यासाठी निघालेल्या पथकाला 'संशोधन मोहीम' म्हणावे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८२ मध्ये तिथे उतरली. तिलाही हाच शब्द शोभतो.

अज्ञात प्रदेश पद्धतशीरपणे पाहून, नोंदवून, नकाशावर आणण्याला मराठीत पारिभाषिक शब्द 'समन्वेषण' आहे आणि करणारा 'समन्वेषक'. मराठी विश्वकोशाने तो वापरला आहे. बोलण्यात जड, पण लेखनात नेमका. पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात अर्थ सांगून पुढे निश्चिंत वापरावा. नुसते 'अन्वेषण' लिहू नये, कारण 'गुन्हे अन्वेषण'मुळे त्याला पोलिसी वास आला आहे. 'संशोधन' आणि 'अनुसंधान' यांची हिंदीशी अदलाबदल झाली आहे. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, म्हणून 'संविधान संशोधन' हे मराठीत 'घटनादुरुस्ती'. मराठीत संशोधन म्हणजे नवे ज्ञान शोधणे : पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०), भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७). हिंदीत इस्रोच्या नावात 'अनुसंधान' आहे, मराठीत 'संशोधन'. मराठी 'अनुसंधान' म्हणजे अखंड लक्ष, जसे नामाचे अनुसंधान.

शोधाच्या पोटातले बारीक फरकही क्रियापदांनीच सांभाळले आहेत. 'माग' काढतात, पावलांच्या खुणांवरून. त्यातूनच 'मागोवा', जो भूतकाळाचा घेतात. 'धांडोळा' सगळ्या कानाकोपऱ्यांचा. 'वेध' दूरच्या, सहसा पुढच्या गोष्टीचा. 'कानोसा' कानाने घेतात. 'पाहणी' जागेवर जाऊन करतात, 'टेहळणी' लपून किंवा उंचावरून, 'सर्वेक्षण' मोजून. पुस्तकाच्या शीर्षकात 'भविष्याचा मागोवा' दिसला की शब्द उलट्या दिशेने चालला आहे हे लक्षात येते.

एकाच जाण्याला किती शब्द लागू शकतात हे नैनसिंग रावत यांच्या उदाहरणात दिसते. भारतीय सर्वेक्षण विभागासाठी ते १८६५ मध्ये निघाले आणि जानेवारी १८६६ मध्ये तिबेटमधल्या ल्हासाला पोहोचले. हातात जपमाळ होती, पण १०८ऐवजी १०० मण्यांची. दर शंभर पावलांना एक मणी, म्हणजे पूर्ण माळ दहा हजार पावले. नोंदी प्रार्थनाचक्रात दडवलेल्या. पाणी किती तापमानाला उकळते यावरून उंची काढायची. पाहणाऱ्याला ती यात्रा वाटली, विभागाच्या दृष्टीने ते सर्वेक्षण होते, तिबेटच्या अधिकाऱ्यांना कळले असते तर त्यांनी हेरगिरी म्हटली असती, भूगोलाच्या इतिहासात ते समन्वेषण ठरले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. यांतला कोणताही शब्द चूक नाही. पण एका वाक्यात एकच बसेल, आणि कोणता ते वाक्य कोणाच्या नजरेतून लिहिले आहे यावर ठरेल. 'त्यांनी तिबेटची सफर केली' हे मात्र कोणाच्याच नजरेतून बरोबर नाही.

शेवटी लेखनाच्या काही खोड्या. 'मोहीम' मध्ये 'ही' दीर्घ, पण 'मोहिमेत', 'मोहिमा' मध्ये 'हि' ऱ्हस्व. अकारान्त मराठी शब्दाचा उपान्त्य (शेवटून दुसरा) दीर्घ ई किंवा ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. 'वाऱ्या', 'फेऱ्या', 'वारकऱ्यांना' यांत र आडवा, अर्धा लिहावा. 'गिर्यारोहण' मध्ये मात्र रफार (अक्षराच्या डोक्यावरचा र), कारण तिथे गिरि आणि आरोहण यांचा संस्कृत संधी आहे आणि उच्चारात आघात येतो. 'गिऱ्यारोहण' हे फलकांवरही दिसते, ते चूक.